कुलूप उघडलंच तर?

हे एक कुलूप आहे, आकडे जुळवले की उघडणारं. १९६०च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी ते लावलं आणि आकडे कुणालाच सांगितले नाहीत. मृत्यूनंतर आपलं काही उरलं, तर ते कळवायचा प्रयत्न करू, एवढंच सांगून ठेवलं. २००७ मध्ये ते गेले. कुलूप बंदच राहिलं.

पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या २,५०० हून अधिक हकिकती त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोळा केल्या. २ ते ४ वर्षांचं मूल अचानक म्हणू लागतं, माझं घर हे नव्हे. नावं सांगतं, आपण कसे मेलो तेही सांगतं. पुढे ७-८ वर्षांचं होईपर्यंत बहुतेकदा सगळं विसरतं. हे थोतांड म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. ज्याने अर्धं आयुष्य साक्षी ताडून पाहण्यात घालवलं, त्याचं नीट ऐकायलाच हवं. पण बहुतेक वेळा संशोधक पोहोचण्याआधीच मुलाच्या घरची आणि ते ज्या मृताचं नाव सांगतं त्याच्या घरची माणसं भेटलेली असतात. मग मूल मुळात काय बोललं आणि मोठ्यांच्या तोंडून त्यात काय मिसळलं, हे निवडायचं कसं?

न्यायदर्शनाची, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाची, पूर्वजन्म सिद्ध करण्याची वाट वेगळी होती. नुकतं जन्मलेलं बाळ दुधासाठी झेपावतं. आधीच्या जन्मातल्या सवयीशिवाय ही ओढ कुठून येईल? यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथातच आहे: लोखंडसुद्धा चुंबकाकडे धावतंच की! सूत्रकारांनी त्याला उत्तर दिलं. पण उपजत प्रवृत्ती उत्क्रांतीतून कशा घडतात हे कळल्यावर, मला आक्षेपाचंच पारडं जड वाटतं.

आता समजा, उद्या एखाद्या लहान मुलीने ते कुलूप उघडलं. मी हादरून जाईन. तरी त्यातून कळेल ते इतकंच, की तिला आकडे माहीत होते. ती म्हणजेच स्टीव्हन्सन, हे कशावरून?

‘मिलिंदपन्ह’ या प्राचीन बौद्ध ग्रंथात मिलिंद राजाने भिक्षू नागसेनांना हेच विचारलं होतं: पुन्हा जन्मणारा तोच असतो, की दुसरा? नागसेन म्हणाले, तोही नाही आणि दुसराही नाही. दाखला दिला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच म्हणायची का?

मला हा दाखला फार आवडतो. पण दिव्यात त्या ज्योतींना जोडणारी वात दिसते, तेल दिसतं. एका देहापासून दुसऱ्या देहापर्यंत काय जातं, ते अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. तोवर पुनर्जन्म मानायला मी तयार नाही.