लग्नपत्रिकेवरचे वळणदार अक्षर

(पत्रिका कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छापलेली ही आमच्या घरच्या लग्नाची पत्रिका आहे. मरून कागदावर सोनेरी शाईत ‘शुभविवाह’ छापले असून त्यातल्या ‘वि’ची वेलांटी पुढच्या ‘वा’वरून थेट ‘ह’पर्यंत झुकली आहे. हे अक्षर हाताने काढलेले वाटते. प्रत्यक्षात तो फॉन्ट आहे.

रोमन लिपीतील असे अनेक फॉन्ट इंग्लंडमधील जुन्या लेखनशिक्षकांच्या वळणावर बेतलेले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या चार्ल्स स्नेल यांच्या अक्षरांवरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६०च्या दशकात ‘स्नेल राउंडहँड’ घडवला. त्यात एका अक्षराची बारीक शेपटी पायाशी निघून पुढच्या अक्षराला मिळते. आपली अक्षरे मात्र डोक्याशी, शिरोरेषेने, आधीच जोडलेली असतात. त्यांना पायाशी तशाच शेपट्या लावल्या की त्या उकारासारख्या भासतात आणि ‘भ’ वाचावा की ‘भु’, असा प्रश्न पडतो. भरभर लिहिण्याचे आपले वळण मोडी लिपीत सापडते: लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई.

(पडद्यावर ‘शुभविवाह’, अक्षरे दूरदूर)

देवनागरीचा सर्वाधिक घात होतो तो अक्षरांमधले अंतर वाढवल्याने. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभते. इथे मात्र शिरोरेषा तुटते आणि शेंगेतून तुरीचे दाणे सांडावेत तसा शब्द विखुरतो. बारीक रेघांचे फॉन्ट लहान आकारात छापले, तर गडद कागदावर त्या रेघा दिसेनाशा होतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता पत्रिकेची खालची बाजू पाहा. विवाहस्थळ, मुहूर्त आणि फोन नंबर हे सारे त्याच फॉन्टमध्ये आहे. नंबरातला १ इतका गोल वळला आहे की अर्ध्या पाहुण्यांनी तो ९ वाचला, आणि लग्नाच्या दिवशी फाट्यावर उतरून रस्ता विचारणाऱ्यांचे फोन कोणा अनोळखी गृहस्थाला गेले. (त्या गृहस्थांनी रागावण्याऐवजी प्रत्येकाला मांडवाचा पत्ता विचारून घ्यायला सांगितले, हे आमचे नशीब.) प्रूफ मीच तपासले होते, पण वेलांटीवरून माझी नजर हटली नव्हती.

विनामूल्य मिळणाऱ्या फॉन्टांपैकी ‘कलम’ तीन जाडींत आहे आणि हस्ताक्षरी असूनही दोनचार ओळी सहज वाचू देतो. ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. दुकानाच्या फलकाला किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) बॅनरला तो शोभतो, लग्नपत्रिकेला मला तरी जड वाटतो.

(दुसरी पत्रिका दाखवून)

धाकट्या बहिणीच्या पत्रिकेवर ‘शुभविवाह’ आणि वधूवरांची नावे एवढेच वळणदार ठेवले आहे. बाकीचा मजकूर साध्या, उभ्या फॉन्टमध्ये आहे, आणि फोन नंबर सर्वांत ठळक.