हौद, हौज, हौदा

पहाटे साडेपाचचा सुमार आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या या तालमीत दोन मुले फावड्याने माती खालवर करीत आहेत. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मुरलेला असल्यामुळे तिचा वास बाहेरच्या बोळापर्यंत येतो. ही माती ज्या चौकोनी खळग्यात भरलेली आहे, त्याचे नाव हौदा. पाण्याशी काडीचा संबंध नसलेल्या या खळग्याला हे नाव मिळाले कसे, हे पाहायचे तर आधी पाण्याकडेच जावे लागते.

अरबीत ‘हौझ’ म्हणजे पाण्याचे बांधीव टाके. फारसीतून तो शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा उच्चार ‘हौज’ झाला होता, आणि दिल्लीच्या हौज खासमध्ये तो तसाच राहिला. मराठीने मात्र ‘कागज’चा ‘कागद’ केला, त्याच चालीवर ‘हौज’चा ‘हौद’ केला. हत्तीच्या पाठीवरचा ‘हौदा’ वेगळ्या कुळातला आहे. अरबांच्या उंटावर स्त्रियांसाठी जे आसन बांधीत त्या ‘हौदज’चा तो वंशज. मराठी तोंडात हे दोन शब्द इतके शेजारी आले की ट्रकच्या मागच्या मालाच्या जागेलाही आपण हौदाच म्हणतो. त्यात हत्तीचे किती आणि टाक्याचे किती, हे आता वेगळे काढता येत नाही. तालमीतला हौदा मात्र, आमच्या मते, टाक्याकडचा असावा. चार बाजूंनी बांधलेला, आत काहीतरी जपून भरलेला.

आता कात्रज. तळ्याच्या काठावरून दिसतो आहे तो आंबील ओढ्यावर घातलेला बांध. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, येथून पुण्याला पाणी नेण्याचे काम झाले. तळी दोन आहेत, एकाखाली एक. वरच्या तळ्यात गाळ बसतो आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी खालच्या तळ्यात उतरते. तेथून दगड-विटा-चुन्यात बांधलेला नळ जमिनीखालून सुमारे आठ किलोमीटर चालत शहरात येतो. पुणेकर त्याला आजही ‘कात्रजचा नळ’ म्हणतात, पण हा नळ म्हणजे तोटी नव्हे, तर माणसाला आत उतरून साफ करता येईल असे भुयार आहे. कोठेही रहाट नाही, मोट नाही. जमिनीच्या उतारावर पाणी आपल्या ओढीने पुढे जाते. वाटेत ठरावीक अंतरावर उभी दगडी धुराडी लागतात. त्यांना ‘उच्छ्वास’ असे नाव आहे. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते आणि गाळ उपसायला माणूस आत सोडायचा तर तोही तेथूनच. रस्त्याच्या कडेला, दोन हातगाड्यांच्या मध्ये, पोस्टरे चिकटवलेला हा जो खांब दिसतो आहे, तो खांब नाही. तो उच्छ्वास आहे.

नळाच्या वाटेवर आणि शेवटी हौद. शनिवारवाड्याची कारंजी याच पाण्यावर उडत, आणि पेठांमधले हौद याच पाण्याने भरत. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे पत्ते सांगताना अजून कानावर येतात. हौदावर घागर बुडवायची असे. पाणी वाहत येत असल्यामुळे विहिरीसारखे शेंदावे लागत नसे. मात्र घागर कोणी बुडवायची, याचे नियम जातीने घालून दिलेले होते.

म्हणून गंज पेठेतल्या, आजच्या महात्मा फुले पेठेतल्या, या वाड्यात थोडे थांबणे भाग आहे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बुधवार पेठेत हौद बांधला. तिला घरात बाहुली म्हणत, म्हणून तो ‘बाहुलीचा हौद’. मुलगी शिकते हे न सोसून कोणी तिला काच घातलेला लाडू दिला, असे सांगितले जाते.

खडकवासल्याचे पाणी घरोघरी आले आणि हौद कोरडे पडले, काही बुजले.

शब्द मात्र बुजला नाही. ‘बूँद से गई वो हौद से नहीं आती’ ही म्हण मराठी माणूस हिंदीतच वापरतो, बहुधा दरबारी थाटासाठी. अत्तराचा सांडलेला एक थेंब बोटाने टिपणाऱ्या धन्याने लाज झाकायला दुसऱ्या दिवशी अत्तराचा हौद भरवला, ही तिची गोष्ट कोणी पेशव्यांच्या नावावर सांगतो, कोणी बादशहाच्या. ज्या शहरात हौद भरणे रोजचे होते, तेथे या अतिशयोक्तीचे माप लगेच कळत असणार.

आणि हा नदीकाठ. गणेशोत्सवात महापालिका येथे विसर्जनाचे हौद उभारते. पाण्यात हात घालायला येथे कोणाची परवानगी लागत नाही. ताम्हनातली मूर्ती सोडायची, मूठभर माती घरी न्यायची. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, घाटांवर गर्दी नको म्हणून हौदच गल्ल्यांमधून फिरू लागले. त्या वेळचे हे चित्रण आहे. गाडी सोसायटीच्या फाटकाशी थांबली आहे, तोंडावर मुखपट्टी बांधलेल्या आजी हातातला गणपती कर्मचाऱ्याकडे देत आहेत, आणि ट्रकच्या हौद्यात ठेवलेल्या हौदातले पाणी हेलकावते आहे.