मनगट मोडलं तेव्हाच

मंडळी, मघाशी मी हात वर करायला सांगितले. पन्नाशीनंतर पडून मनगट मोडलंय अशा कितीतरी जणांचे हात वर आले. त्यानंतर डेक्सा, म्हणजे हाडं किती ठिसूळ झालीत हे मोजणारी तपासणी, कुणाची झाली, असं विचारलं तेव्हा दोनच हात राहिले. यात तुमची चूक नाही, आम्हा हाडांच्या डॉक्टरांची आहे.

मीही कित्येक वर्षं तेच केलं. हाड जुळवायचं, सहा आठवडे प्लास्टर, मग 'बोटं हलवत राहा' म्हणायचं, की पेशंट आमच्या लेखी बरा. एका आजींचं प्लास्टर मीच काढलं होतं. तीन वर्षांनी त्याच आजी खुब्याचं हाड मोडून स्ट्रेचरवर आल्या. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, मागच्या वेळीही तुम्हीच होतात." त्याला नुसती ओळख द्यायची होती. मला मात्र ते लागलं.

नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर ते ठिसूळ झालंय असंच धरून चालावं. एकदा असं मोडलं की पुन्हा कुठलं तरी हाड मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते आणि पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची असतात. आजींच्या मनगटानंतर मला हे कळायला हवं होतं.

त्या पडल्या कशा? घरच्यांचं उत्तर ठरलेलं, 'पाय घसरला.' मी पिशवी उघडून सगळे कागद पाहिले. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, पायाची सूज उतरवायची दुसऱ्यांची. झोपेची गोळी तिसऱ्यांची, पंधरा दिवसांसाठी लिहिलेली आणि पाच वर्षं चाललेली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणून ठेवलेला. रात्री लघवीला उठल्या, उठताच रक्तदाब उतरला, डोळ्यांवर झापड, समोर न्हाणीघराचा उंबरठा आणि पलीकडे ओली फरशी. प्रत्येक डॉक्टर आपापल्या चिठ्ठीपुरता बरोबर होता. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारं मात्र कुणीच नव्हतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९०च्या दशकाच्या अखेरीस यावर एक साधी तोड निघाली. हाड मोडून आलेला पन्नाशीपुढचा प्रत्येक पेशंट एका परिचारिकेच्या यादीत जायचा. त्याची डेक्सा करवणं, हाडं बळकट करणारं औषध सुरू झालंय का पाहणं, तो का पडला ते शोधणं, हे सगळं तिच्याकडे. याला 'फ्रॅक्चर लिआझन सर्व्हिस' म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) फाउंडेशननं २०१२पासून हीच पद्धत जगभर नेण्याची मोहीम चालवली आहे.

यात पुन्हापुन्हा चौकशी करत राहणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण औषध सुरू होतं आणि सुटतं. आठवड्यातून एकदाची ॲलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा नाही! आपल्याकडे गोळी सुटते ती बहुधा या चहापायी. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडही आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते दिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसलं, असा अभ्यास २००७मध्ये आला. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते मध्येच सोडलं तर मणके खचू शकतात, म्हणून त्याची तारीख डोक्यात नको, कॅलेंडरवर हवी.

आपल्या बहुतेक दवाखान्यांत अशी परिचारिका नाही. मग घरातलं एक माणूस ठरवा. सूनच असली पाहिजे असं मुळीच नाही. अमेरिकेतला मुलगाही चालेल, रोज फोन तर करतोच. 'जेवलीस का' बरोबर 'गोळी घेतलीस का' एवढं विचारावं. घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या आणि आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओता. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्यांचा फेरविचार हवा. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका.

न्हाणीघरात दांडा बसवा. टॉवेलची दांडी नव्हे! ती स्क्रूसकट हातात आलेली मी पाहिली आहे. नुसत्या फेरफटक्यानं तोल सुधारत नाही. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम वेगळे करावे लागतात. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये असे व्यायाम घरी शिकवले, तर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं.

आता चहा येईपर्यंत एक चाचणी करू. त्या खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीवर पट्टी चिकटवली आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. काठी लागत असेल तर घ्या. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर नाव या वहीत लिहा, फिजिओथेरपिस्ट ताई तुमच्याशी आजच बोलतील. शर्यत नाही हं काका, सावकाश. कोण येतंय पहिलं?