स्ट्रॅटेजी: शब्दाच्या पोटातला सेनापती

श्रोतेहो, नमस्कार. बैठक पतपेढीची असो की पक्षाची, ‘आपली स्ट्रॅटेजी काय?’ असं कुणीतरी विचारतंच. हा शब्द मुळात एका हुद्द्याचा.

ग्रीकमध्ये ‘स्त्रातोस’ म्हणजे पसरलेला लष्करी तळ, फौज. ‘आगेइन’ म्हणजे नेणं. फौज नेणारा तो ‘स्त्रातेगोस’, त्याचं पद ‘स्त्रातेगिया’. स्त्रातोसमागचा धातू आणि आपल्या ‘विस्तार’मधला ‘स्तृ’ एकाच कुळातले, म्हणजे पाहुणा लांबचा असला तरी नात्यातला आहे.

इ.स.पू. ५०१ पासून अथेन्सचे नागरिक दरवर्षी दहा स्त्रातेगोस निवडत. बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरत, ही मात्र मतदानानं. लढाई नशिबावर कोण सोडणार? पुन्हा निवडून यायला आडकाठी नव्हती. पण जाब चुकत नसे. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सनं जिंकली, मात्र फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी वादळात वाचवता आले नाहीत. परतलेल्या सहा विजयी सेनापतींना देहान्त शासन झालं. त्यांत अथेन्सचा नामवंत नेता पेरिक्लीस याचा मुलगाही होता.

१७७१ साली बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट सहावा लिओ याचा युद्धग्रंथ फ्रेंचमध्ये आला आणि हा शब्द युरोपात पुन्हा फिरू लागला. इंग्रजीत तो रुळला एकोणिसाव्या शतकात. कंपन्यांच्या कारभारात तो आणखी उशिरा शिरला, १९६० नंतर.

मराठीत आपण रणनीती आणि डावपेच सर्रास एकाच मापानं मोजतो. प्रशियाचा युद्धशास्त्रज्ञ क्लाउझेवित्झ यानं केलेला भेद साधा आहे: चकमकीत फौज कशी वापरायची, ते डावपेच, युद्धाचा हेतू साधायला चकमकी कशा वापरायच्या, ती रणनीती.

समजा, चकलीचा घरगुती कारखाना आहे. ‘यंदा विक्री २० टक्क्यांनी वाढवू’ ही नुसती इच्छा. ‘किरकोळ विक्री बंद, दोनच प्रकार, बारा महिने फक्त कॅन्टीनना माल’ ही रणनीती, कारण इथे काहीतरी सोडलंय. पाव किलोच्या पाकिटावर ५ रुपये सूट, हा डावपेच. तो फत्ते होऊनही घात होतो: दिवाळीत पाकिटं हातोहात खपतात, तळणारे हात त्यातच अडकतात आणि कॅन्टीनची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.