सातवी बहीण

(दृश्य : म्हापसा, पहाट. चर्चच्या आवारात लांबच लांब रांग. हातांत तेलाच्या बाटल्या.)

ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार. म्हापशात अजून पुरतं उजाडलेलं नाही, आणि सेंट जेरोम चर्चची रांग रस्त्याला लागली आहे. रांगेतल्या बायकांकडे जरा निरखून पाहा. कुणाच्या कपाळावर कुंकू आहे, कुणाच्या गळ्यात क्रूस. हातात मात्र दोघींच्याही तेलाची बाटली.

आज मिलाग्र सायबिणीचं फेस्त, म्हणजे सण. 'मिलाग्र' म्हणजे चमत्कार, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 'सायबीण' म्हणजे मालकीण, हा इथलाच. चर्चसाठी ती येशूची आई, मरिया. पण तेल घेऊन आलेल्या कितीतरी बायकांसाठी ती मिराबाईसुद्धा आहे. लोककथेतल्या सात देवी-बहिणींतली एक. सहा देवळांत राहिल्या, ही म्हापशाला आली आणि चर्चमध्ये बसली.

(दृश्य : मूर्तीसमोर तेल ओततानाचे हात. फक्त हात.)

(निवेदन थांबतं.)

(दृश्य : शिरगाव, रात्र. तळ्याच्या पायऱ्या, रंगीत गोंड्यांच्या बेतकाठ्या, मोगरीच्या माळा.)

म्हापशाहून शिरगाव फार लांब नाही. इथे तिची बहीण लईराई. वैशाख शुद्ध पंचमीला तिची जत्रा भरते. गळ्यात मोगरीच्या माळा आणि हातात बेतकाठी घेतलेली ही माणसं म्हणजे धोंड, तिचे व्रतस्थ. आधी काही दिवस सोवळं पाळायचं, तळ्यात आंघोळ करायची, रात्र जागायची आणि पहाटेपूर्वी होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालत जायचं. कथा अशी की लईराईनं भाऊ खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं. तो वाटेत खेळत बसला. रागाच्या भरात तिनं त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप झाला, आणि ती स्वतः निखाऱ्यांतून चालली. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई ह्या तिच्या बहिणी. उरलेल्यांची नावं गावागणिक बदलतात. म्हापशाची मात्र बहुतेक याद्यांत असते.

बहिणी एकमेकींना विसरलेल्या नाहीत. परंपरा अशी आहे की म्हापशाच्या सायबिणीकडून लईराईला तेल जातं आणि शिरगावाहून सायबिणीला मोगरीची फुलं येतात. माहेरची भेट म्हणा हवं तर.

(दृश्य : होमकुंड. निखारे. पावलं.)

(दृश्य : जुनं रेखाचित्र, रोमचं पँथिऑन.)

ज्यांना चर्चनं 'पेगन' म्हटलं त्यांच्यासाठी मूळ लॅटिन शब्द आहे 'पागानुस'. 'पागुस' म्हणजे खेड्याचा मुलूख. पागानुस म्हणजे तिथला माणूस. गावकरी. पुढे ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द ख्रिस्ती नसलेल्यांना लावला. गोव्यात पोर्तुगीज कागदपत्रांनी हिंदूंना 'जेंतीव' म्हटलं, पण भाव तोच होता. आणि ज्या गोव्यात जमीन, पाणी, देऊळ आणि उत्सव ह्या सगळ्यांची व्यवस्था 'गांवकारी' नावाच्या संस्थेकडे होती, तिथे 'गावकरी' ह्या शब्दाइतका नेमका शब्द मला सापडत नाही.

युरोपात चर्चनं ह्या गावकऱ्यांशी वेगळ्या रीतीनं जुळवून घेतलं होतं. 601 साली पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलितस ह्या धर्मप्रसारकासाठी पत्र पाठवलं. देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील, असा त्याचा आशय होता. बैल मारून मेजवानी करायची सवय असेल तर तीही राहू द्या, फक्त ती देवाच्या नावानं होऊ दे. आठ वर्षांनी, 609 मध्ये, खुद्द रोममधलं पँथिऑन हे जुन्या देवांचं देऊळ मरिया आणि सर्व हुतात्म्यांच्या नावानं चर्च झालं. इमारत तीच राहिली. आजही ती उभी आहे.

(दृश्य : वेर्णे. जुन्या देवळाची जागा, गवत.)

गोव्यात ते पत्र कुणी वाचलं नाही. 1567 मध्ये दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पाडली गेली. देव रात्रीतून नदीपल्याड गेले, पोर्तुगीज हद्दीबाहेर, फोंड्याकडे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज पर्यटक ज्या देवळांचे फोटो काढतात ती ही निर्वासितांची घरं आहेत. माणसंही गेली. कारवारला, मंगळूरला, कुडाळला, रत्नागिरीला.

(दृश्य : कुंकळ्ळी. बारा छत्र्या, गुलाल, ढोल.)

कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. पण फाल्गुन शुद्ध पंचमीला, सोंत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या उत्सवाच्या दिवशी, तिच्या नावानं बारा रंगीत छत्र्या कुंकळ्ळीत परततात. बारा छत्र्या म्हणजे गांवकारांचे बारा वांगड, बारा घराणी. ह्याच गावात 15 जुलै 1583 रोजी पाच जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाची माणसं, मारले गेले आणि नंतर इथल्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापलं गेलं. त्या इतिहासावर स्वतंत्र चित्रपट व्हायला हवा. आज आपण गुलालाकडे पाहतो आहोत. गुलालानं माखलेल्या ह्या गर्दीत ख्रिस्ती कुंकळ्ळीकरही असतात. देवी त्यांच्याही पूर्वजांच्या गावाची आहे.

(दृश्य : राय, पाच ऑगस्ट. शेतात मिरवणूक, छत्री, धूप, पाद्री. विळा.)

आता पावसातल्या ह्या शेतात थोडा वेळ थांबू या. आमच्याकडचं सगळ्यात सुंदर चित्रण इथलं आहे.

गाव राय, तालुका सासष्टी. पाच ऑगस्ट, 'अवर लेडी ऑफ स्नोज' हिचं फेस्त. बर्फाची सायबीण आणि ऑगस्टातलं गोव्याचं भातशेत! पण इथे बर्फाशी कुणाला काम नाही, काम आहे कणसाशी. आज कणसाचं फेस्त. चर्चमधून मिरवणूक निघते, बांधावरून शेतात उतरते. पाद्री प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात. मग विळा लागतो. कापलेली भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये येतात, वेदीवर ठेवली जातात आणि तिथून घरोघर वाटली जातात. घरी देव्हाऱ्यात, म्हणजे ख्रिस्ती घरातल्या ओरातोरमध्ये, नवं कणीस ठेवलं जातं. त्यानंतरच नवा तांदूळ खायचा.

ताळगावात हेच फेस्त 21 ऑगस्टला असतं. तिथेही कणीस कापायचा मान गांवकारांचा. पाद्री आशीर्वाद देतात, पण विळा कुणाच्या हातात हा प्रश्न चर्चचा नाही, गावाचा आहे.

(दृश्य : चतुर्थी. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी, गणपतीपुढे भाताची कणसं.)

आता हे पाहा. शेजारच्या हिंदू घरात गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस, नव्याची पंचम. तीच कणसं गणपतीपुढे आणि दारावर. कोकणात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, 'नवं' बांधतात ते हेच. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' होतो, तिथे भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. मी वसईचा. आमच्याकडे पीक घरात आलं की पहिला वाटा आधी देवाचा, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी शिकवलं नाही. ते आजीच्या पडवीत कळलं.

गोव्यात आता अशी शेतं कमी होत चालली आहेत.

(दृश्य : ओल्ड गोवा, तीन डिसेंबर. मेणाचे हात, पाय, डोळे, घरं. दुकानांच्या रांगा.)

सेंट फ्रान्सिस झेविअरच्या फेस्ताला ओल्ड गोव्यात मेणाचे हात-पाय विकायला असतात. गुडघा दुखतो, तर मेणाचा पाय. घर हवं, तर मेणाचं घर. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही हेच. आपल्या देवळांत नवस फेडायला चांदीचे डोळे वाहतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. आणि रोममध्ये तिबेर नदीतल्या बेटावर, ग्रीसमध्ये कोरिंथला, आस्क्लेपिअस ह्या वैद्यदेवाच्या ठाण्यांत मातीचे भाजलेले हात-पाय उत्खननात सापडले आहेत. ते ख्रिस्तपूर्व काळातले आहेत. दुखणाऱ्या माणसाला आपलं दुखणं देवाला दाखवायचं असतं. त्यासाठी पंथ लागत नाही, मेण नाहीतर माती लागते.

(दृश्य : परत म्हापसा. चर्चच्या आत मिस्सा. कम्युनियनची रांग.)

इथवर पाहिलं की वाटतं, सगळं एकच आहे. तसं नाही. ते दाखवल्याशिवाय हे चित्रण खोटं ठरेल.

म्हापशाच्या चर्चमधला हा क्षण पाहा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, सुरू आहे. बाहेर तेलाची रांग एकच होती. आत कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची रांग लागते, तेव्हा कुंकू लावलेल्या बायका बाकांवरून उठत नाहीत. त्यांना कुणी अडवलेलं नाही, पण त्या जाणतात. देवळातला प्रसाद जो हात पुढे करील त्याला मिळतो. ही भाकर प्रसाद नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, आणि ते बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तयारी केलेल्या माणसासाठी आहे. म्हणूनच चर्चमध्ये बोकड नाही, कोंबडं नाही. बळी एकदाच दिला गेला, क्रूसावर. मिस्सेत तोच पुन्हा समोर येतो, नवा बळी दिला जात नाही.

दुसरा फरक मूर्तीचा. देवळात प्राणप्रतिष्ठा होते. त्यानंतर देव तिथे राहतो. त्याला पहाटे उठवायचं, आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा, रात्री निजवायचं. चर्चमधल्या सायबिणीला कुणी उठवत नाही. 787 सालच्या निकेआच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं की मूर्तीला दिलेला मान ज्याची मूर्ती आहे त्याला पोचतो. आराधना एकट्या देवाची. संतांना मान, मरियेला त्याहून मोठा मान, आणि त्यांच्याकडे मागायचं ते इतकंच, की आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका.

(दृश्य : वेदीजवळची सोनेरी पेटी. शेजारी लहान लाल दिवा.)

पण हा दिवा पाहा. रात्रंदिवस जळतो. तो कुठल्याच मूर्तीपुढे नाही. ह्या पेटीत मिस्सेतली पवित्र भाकर ठेवलेली असते, म्हणजे कॅथलिकांच्या श्रद्धेनं ख्रिस्त स्वतः इथे हजर असतो. म्हणून इथून जाताना ते गुडघा टेकतात. देवळाच्या गाभाऱ्याशी आणि नंदादीपाशी चर्चमधलं काय जुळतं असं कुणी विचारलं, तर बहुतेक जण मूर्तीकडे बोट दाखवतात. माझं बोट ह्या पेटीकडे जाईल.

(दृश्य : सासष्टीतलं एक घर, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. अंगणात मांडव. नारळ खवणीवर.)

1736 मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, गोव्यात एक फर्मान काढलं. देवळं पाडून पावणेदोनशे वर्षं होत आली होती, तरी ख्रिस्ती झालेले लोक जुनं सोडत नव्हते. त्या फर्मानात काय काय मना केलं होतं ते ऐका. घराजवळ तुळस लावणं. मिठाशिवाय भात शिजवणं. पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसणं, बायकांनी चोळी घालणं. लग्नात पान-सुपारी आणि फुलं पाठवणं. लग्नात ओव्या गाणं. आणि लग्नाआधी नवरा-नवरीच्या अंगाला हळद, तांदळाचं पीठ, नारळाचा रस लावणं.

एखाद्या गावाच्या संसाराची इतकी बारकाईनं केलेली यादी मी दुसरी पाहिलेली नाही. बंदी घालणाऱ्यांनीच ती आपल्यासाठी जपून ठेवली.

1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झालं.

(दृश्य : खवणी. ओलं खोबरं. पिळून काढलेलं दूध काचेच्या भांड्यात.)

आता ह्या अंगणात या. उद्या ह्या मुलीचं चर्चमध्ये लग्न आहे. आज रोस. रोस म्हणजे नारळाचा रस. सकाळपासून बायका नारळ खवत होत्या. खोबरं वाटून पिळून दूध काढलं. नवरी जुने कपडे घालून बसली आहे. आधी प्रार्थना होते. मग आई-वडील, बाप्तिस्म्याचे आई-बाप, मामा-मामी, आत्या आणि शेजारीपाजारी एकेक करून पुढे येतात. पहिल्यांदा येणारी माणसं बोटं रसात बुडवतात आणि तिच्या कपाळावर क्रूस काढतात.

(निवेदन थांबतं. मूळ आवाज : हसणं, ओव्या.)

ऐका. ओव्या म्हणताहेत.

वसईत आम्ही आदल्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला जातो, पुढे वाजंत्री, मागे बायका. मुंबईकडचे ईस्ट इंडियन ह्याला उंबराचं पाणी म्हणतात. मांडवाला उंबराची फांदी लागते, तिचं नाव ह्या विधीला. ही फांदी, हा रस, ही कणसं ख्रिस्ती धर्माला लागलेली कीड आहे असं सांगणारे आज आमच्यातही आहेत. आणि ह्या माणसांनी आमचं चोरलं असं म्हणणारे बाहेरही आहेत. रस पिळणाऱ्या ह्या मावशींनी कुणाचं चोरलं? आईच्या हातून मुलीच्या हातात आलेली वस्तू आहे ही.

(दृश्य : कासाराचे हात. हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटावर चढतात.)

चुडो भरणं सुरू आहे. मामाच्या घरचा मान. हिरव्या बांगड्या लागोपाठ चढतात, एखादी फुटते, बायका ओरडतात, हसतात. नवऱ्याआधी बाई गेली तर हा चुडा तिच्यासोबत जातो. नवरा आधी गेला तर तो शवपेटीवर फोडतात.

(दृश्य : दुसऱ्या दिवशी सकाळ. चर्चचा दरवाजा. घंटा.)

सकाळचे दहा. पांढरा झगा, पांढरी ओढणी, हातात फुलांचा गुच्छ. नवरी वडिलांच्या हाताला धरून मधल्या वाटेनं वेदीकडे निघते. झग्याची बाही लांब आहे. तिनं गुच्छ जरा वर धरला, की बाहीखालून हिरव्या बांगड्या दिसतात.

(दृश्य : मनगट. बांगड्यांचा आवाज. अंधार.)