तीन हजार तास

शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. सॅन होजेतल्या एका समुपदेशन केंद्रात ती समुपदेशकाच्या परवान्यासाठी भरायच्या तासांचा एक तक्ता पुढे सरकवते. या आठवड्याचे तास १९. पर्यवेक्षक बाई आकडे बघतात आणि सही करतात. घरी काजूकतलीच्या रिकाम्या खोक्यात असे तक्ते साठलेत.

सुरुवात झाली होती एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजच्या, पार्किंगमध्ये. मुलाला कराटेला सोडायचं, गाडीतच पोळीभाजी खायची आणि रात्रीचा वर्ग गाठायचा. बारावीनंतर लग्न होऊन इथे आलेल्या बाईला प्रवेशासाठी कुणी टक्केवारी विचारली नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एका युनिटचे, म्हणजे एका श्रेयांकाचे, ४६ डॉलर पडतात. ६० युनिटं, म्हणजे २,७६० डॉलर. मानसशास्त्र म्हणजे माणसांशी बोलणं, असं वाटून आलेल्यांना पहिली ठेच लागते ती सांख्यिकीच्या पेपरात. तिलाही लागली.

२०१० साली इथे कायदा झाला. ठरलेल्या आराखड्यानुसार ही ६० युनिटं पूर्ण केली, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षात जागा. हमी खरी, पण ती कुठल्या तरी कॅम्पसची, घराजवळच्याच नव्हे. मागे संसार असला की ही तळटीप फार मोठी होते. हमी देणाऱ्यांनी एकदा मुलांच्या शाळा बदलून बघाव्यात.

बीए झालं तरी परवाना मिळत नाही. त्याला मास्टर्स लागतं, आणि तिथल्या प्रवेशाची हमी कुणीच देत नाही. विवाह आणि कुटुंब समुपदेशकाचा परवाना हवा, तर पर्यवेक्षणाखाली ३,००० तास, किमान १०४ आठवडे. त्यातले १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे. शिवाय दोन परीक्षा : एक कायदा आणि नीतीची, दुसरी क्लिनिकल. मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधीच्या सहा वर्षांतलेच तास धरतात. आईच्या आजारपणात ती चार महिने सांगलीला होती. त्या चार महिन्यांत तास एकही वाढला नाही. सहा वर्षं मात्र सरतच होती.

आज समोर कोण बसलं होतं, हे ती सांगणार नाही. आम्हीही विचारलं नाही. एवढंच कळलं, की एक तास मराठीत झाला. तक्त्यावर भाषेचा रकाना नाही.

आजवरची बेरीज : २,६४०.