बाजू आपलीच, रस्ता न्यूझीलंडचा

नमस्कार श्रोतेहो. न्यूझीलंडला जायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो टूरबरोबर जायचं की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण फिरायचं यावर. त्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात. त्यात काय अवघड आहे!" आज बोलायचंय ते या "त्यात काय"बद्दल. अमेरिकेत किंवा जर्मनीत बाजू बदलते, म्हणून आपला माणूस जपून, जरा बिचकतच चालवतो. न्यूझीलंडमध्ये बाजू ओळखीची निघते, तो निर्धास्त होतो आणि हातपाय पुण्या-मुंबईच्या सवयीने चालायला लागतात.

आधी कागदपत्रं उरकून घेऊ. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्स पर्यटकाला तिथे चालतं. मात्र मूळ कार्ड जवळ हवं, मोबाईलमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलात तर चांगलंच, पण तो मूळ लायसन्सच्या जोडीला असतो, त्याच्याऐवजी नाही.

विमानतळावर गाडीच्याही आधी आडवी येते ती आपली खाऊची पिशवी. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, घरचं तूप, आजीने बांधून दिलेले डिंकाचे लाडू, जे काही असेल ते सगळं फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध मात्र नेऊच नका. आणि ट्रेकचे बूट नेत असाल तर तळव्यांची माती घासून काढा, कारण तीही तपासतात.

आता रस्ता. भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. घरी गिअरची गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय क्लच शोधत जातो आणि ब्रेकवर पडतो, मागे बसलेल्यांची डोकी पुढच्या सीटवर! म्हणून डावा पाय मागे घ्या आणि तिथेच ठेवा. कंपनीच्या पार्किंगमध्ये दोन-चार चकरा मारल्याशिवाय हमरस्त्यावर जाऊ नका. भारतातून तिथे पोचायला जवळपास पूर्ण दिवस जातो. उतरल्या उतरल्या चार तास गाडी हाकायचा बेत तर आखूच नका.

चौकात लाल दिवा असेल तर डावीकडे वळणाऱ्यानेही थांबायचं. आपलं "फ्री लेफ्ट" तिथे नाही, हिरवा बाण लागला तरच जायचं. समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच रस्त्यात वळत असतील तर उजवीकडे वळणारा थांबतो आणि डावीकडे वळणारा आधी जातो. २०१२ पर्यंत हा नियम नेमका उलटा होता, त्यामुळे तिथे पूर्वी राहून आलेल्या काकांचा सल्ला तेवढ्यापुरता बाजूला ठेवा. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. तिथे "आधी नाक घुसवेल त्याचा रस्ता" चालत नाही. हॉर्नचं म्हणाल तर अख्ख्या प्रवासात तो एकदाही वाजवायची वेळ येऊ नये.

दक्षिण बेटावर तुमची खरी परीक्षा घेतात ते एकपदरी पूल. पश्चिम किनाऱ्याच्या महामार्गावर ते एकामागून एक येतात. पुलाआधी पाटी असते. निळ्या चौकोनात मोठा पांढरा बाण तुमच्या दिशेने असेल तर हक्क तुमचा. लाल कडेच्या गोलात तुमच्या बाजूचा बाण छोटा, लाल असेल तर समोरच्याला पूर्ण पार होऊ द्यायचं, मग निघायचं. इथे आपली एक सवय खरोखर धोक्याची ठरते. आपण डिपर मारतो म्हणजे बजावतो, "मी येतोय, थांब." तिथे डिपर दिला तर समोरचा समजेल, "या, तुम्ही आधी." तो हात हलवून आभार मानत पुलावर येईल आणि तुम्हीही निघालेले असाल. म्हणून दिव्यांशी खेळू नका, पाटीप्रमाणे वागा. जाता जाता सांगतो, ग्रेमाउथजवळच्या तारामाकाउ नदीवर २०१८ पर्यंत आगगाडी आणि मोटारी एकाच पुलावरून जात. तिथे कुणाचा हक्क आधी, हे सांगायला पाटीची गरज नसावी.

मोकळ्या रस्त्यावर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी १०० किलोमीटर आहे. पण घाटात १०० गाठलेच पाहिजेत असं काही नाही. सावकाश चालवायचं असेल तर मागे चार गाड्या साठल्या की डावीकडची मोकळी जागा बघून बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. फोटोसाठी वळणावर गाडी उभी करणं, डोंगर बघता बघता मधली रेघ ओलांडणं, याचा तिथल्या लोकांना फार राग येतो. २०१५च्या सुमारास चिडलेल्या स्थानिकांनी पर्यटकांच्या गाड्यांच्या किल्ल्याच काढून घेतल्याचे प्रकार घडले होते. आता लोक स्टार ५५५ वर फोन करून पोलिसांना कळवतात. अपघात झाला, कुणाला लागलं, तर नंबर १११.

मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात जाणारे बरेच असतात. तेव्हा तिथे शरद सरून थंडी लागलेली असते. दक्षिण बेटावरच्या क्वीन्सटाउनला मेच्या अखेरीस पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर सकाळी उशिरापर्यंत काळं, न दिसणारं बर्फ असतं. त्या दिवसांत न्याहारी निवांत करून उशिरा निघावं आणि उजेड असेतो मुक्कामी पोचावं. विम्याची अटही वाचून घ्या. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रस्त्यासारख्या वाटांवर भाड्याच्या गाडीचा विमा चालत नाही.

मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी, बघायला तर प्रत्येकाला जायचंच असतं. क्वीन्सटाउनहून ते एका बाजूने चार तास आहे. पेट्रोल वाटेतल्या 'ते आनाउ' नावाच्या गावात भरून घ्या, पुढच्या १२० किलोमीटरांत भरवशाचा पंप नाही. वाटेत १९५४ साली खुला झालेला होमर बोगदा लागतो. तो सव्वा किलोमीटर लांब, अरुंद आणि मिलफर्डकडे उतरता आहे. तोंडाशी सिग्नलला थांबलात की केआ नावाचे हिरवे पोपट येऊन गाडीचं रबर कुरतडू लागतात. गंमत वाटली तरी त्यांना खायला घालू नका. हिवाळ्यात या रस्त्यावर हिमकडे कोसळतात, तेव्हा चाकांच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात आणि रस्ता अचानक बंदही होतो. शिवाय पाऊस आंबोलीच्या तोडीचा. माझं मत विचाराल तर गाडी ते आनाउला मुक्कामाच्या जागी ठेवा आणि त्या एका दिवसापुरतं बसचं तिकीट काढा. चालवणाऱ्यालाही धबधबे बघायला मिळतील.